बाबांची रविवारची तळी

दहाव्या दिवशी दमणगंगेच्या काठी एकही कावळा नव्हता.

एरवी त्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या हातची भाकरी पळवायला कावळे कमी करत नाहीत. त्या सकाळी मात्र आभाळ पुसून ठेवल्यासारखं रिकामं होतं. खाली वाळूत पिंड मांडले होते. वापीहून बोलावलेले गुरुजी सारखे उन्हाकडे बघत होते. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. क्रिया करायला बसलेले दत्तूकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ दत्तात्रय, मुंबईहून आले होते. आमच्याकडे बायका क्रियेला खाली उतरत नाहीत, म्हणून मी वर चिंचेखाली उभी होते. आई घरीच होती.

काकांनी हात जोडून सांगितलं, "दादा, वहिनींची काळजी करू नकोस. मी आहे."

काही आलं नाही.

"श्रीवर्धनच्या देवाला अभिषेक राहिला होता, तो करतो."

काही नाही. काका उठून उभे राहिले आणि आभाळाकडे तोंड करून हाका मारू लागले, "ये रे! ये, ये!" त्यांचा आवाज मुळातच मोठा. नदीत उभ्या असलेल्या म्हशींनीसुद्धा माना वळवल्या. गुरुजी हळूच दर्भ चाचपू लागले, दर्भाचा कावळा करायची वेळ आली असं धरून. पण काका ऐकेनात. ऊन चांगलंच वर आलं होतं. शेवटी त्यांनी पुन्हा हात जोडले आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, शैलाचं लग्न अक्षय तृतीयेच्या आत लावून देतो. माहीमचं स्थळ आहे. तुला वचन देतो."

आणि नदीच्या वळणाकडून एक कावळा आला. मागून दोन, मग पाच-सहा. पहिल्याने वाळूवर उतरून इकडेतिकडे न बघता सरळ पिंडाला चोच लावली.

काका ढसाढसा रडले. खाली असलेली माणसंही डोळे पुसू लागली. मी वर उभी होते आणि मला एवढंच समजलं होतं की माझ्याविषयीचा एक निर्णय झाला आहे, आणि तो मला सोडून सगळ्यांना पटला आहे, कावळ्यालासुद्धा.

मी एकतीस वर्षांची होते. सिल्वासातल्या शाळेत मराठी आणि भूगोल शिकवत होते. पोर्तुगीज जाऊन नवं प्रशासन आलं तेव्हा बाबा जमीन मोजणीच्या खात्यात इथे बदलून आले आणि मागोमाग आई आणि मी. चार वर्षांत माझे पहिले विद्यार्थी मॅट्रिकच्या वर्गात पोचले होते. माहीमच्या स्थळाबद्दल वाईट बोलण्यासारखं काही नव्हतं. विमा कंपनीत नोकरी, वय सदतीस, पत्रातलं अक्षर चांगलं. पण माहीम आणि इथली शाळा या दोन गोष्टी एकदम होणाऱ्या नव्हत्या, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

मी आईशी बोलायचा प्रयत्न केला. ती तांदूळ निवडत होती.

"आई, मला इतक्यात नाही करायचं ग."

तिने वर पाहिलं नाही. "वचन दिलंय. हे तिथे ताटकळले होते, शैला. किती वेळ ताटकळले. आता लवकर होऊन जाऊ दे."

दहाव्या दिवसापासून ती रोज दुपारी भिंतीवर भाताची मूद ठेवी आणि कावळा येईपर्यंत स्वतः जेवायला बसत नसे. कावळा रोज येई. तरी तिचं जेवण काही वाढलं नाही. मी विषय बंद केला. होळी झाली की माहीमची मंडळी बघायला येणार होती.

मग माझ्या मनात एकच गोष्ट उरली. इथून जायचंच असेल तर त्याआधी एक पाहून घ्यायचं होतं.

बाबा दर रविवारी सकाळी सायकल घेऊन बाहेर पडत आणि दुपार कलल्यावर परत येत. कुठे गेला होतात असं विचारलं तर "तळ्यांवर" म्हणत आणि पाय धुवायला न्हाणीत जात. संगतीला पोस्टातले रमाकांत सावे असत. सावेकाका डहाणूकडचे, बुटके, बोलके, एकटे राहणारे. रविवार बाबांचा आहे असं आमच्या घरात न बोलता ठरून गेलं होतं, आणि मलाही रविवार वाचायला हवा असे. स्कॉटलंडमधल्या सरोवरांच्या काठाने सायकलवरून सावकाश हिंडणाऱ्या एका जोडप्याचं प्रवासवर्णन मी दोनदा वाचलं होतं. ते जोडपं रात्री कुठे उतरलं, काय जेवलं, कुठल्या सरोवरावर धुकं होतं, हे सगळं मला ठाऊक होतं. सिल्वासाच्या बाहेर किती तळी आहेत ते मात्र माहीत नव्हतं.

बाबांची सायकल आईने तेराव्याला सावेकाकांना देऊन टाकली होती. मी पोस्टात जाऊन त्यांना म्हटलं, "सावेकाका, मला बाबांची तळी दाखवाल?"

त्यांनी शिक्का मारायचं थांबवलं. "सगळी?"

"एका रविवारात होतील तेवढी."

"अगो, तुझ्या बाबांची पद्धत होती, रविवारी एकच तळं. जास्त पाहिली की एकही पाहून होत नाही, असं म्हणायचे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पण तुझ्याकडे रविवारच कमी आहेत. तीन करू."

सकाळी निघालो तेव्हा गारवा होता. मी माझ्या शाळेच्या लेडीज सायकलवर, पदर खोचून. सावेकाका बाबांच्या सायकलवर. बाबा उंच होते आणि सावेकाकांनी सीट खाली केली नव्हती. पॅडल खाली गेलं की त्यांचा पाय अंगठ्यावर येई आणि ते डावी-उजवीकडे झुलत पुढे जात.

"सीट खाली का करत नाही?"

"नट गंजलाय."

नट गंजलेला नव्हता. मला दिसत होता, तेल घातलेला, चकचकीत.

सायली गावाची वाट धरली. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं, त्यांच्या कोपऱ्यांत अजून पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात बगळे, एकेका खाचराला एकेक, जणू वाटून दिल्यासारखे. कुठे वाल लावले होते. पळस फुलला होता. सावेकाका एवढ्या हळू चालवत होते की मला तोल सांभाळणं अवघड जात होतं. मी पुढे गेले की मागून घंटी वाजे.

"एवढ्या जोरात कुठे? तळं काय पळून जातंय?"

पहिलं तळं एका टेकाडामागे होतं. बांध चढून वर आलो आणि मी थांबलेच. पाणी दिसतच नव्हतं. सगळ्या तळ्यावर कमळाची पानं, ताटाएवढी, एकाला एक लागून. फुलं संपलेली, नुसते वाळके देठ उभे. त्या पानांवरून एक पक्षी चालत होता. चालत होता, पोहत नव्हता. तपकिरी अंग, आणि पायांची बोटं लांबच लांब, काड्या बांधल्यासारखी. एक पान दबलं की त्याच्या कडेने पाणी वर येई, तेवढ्यात तो पुढच्या पानावर.

"कमळपक्षी," मी म्हटलं. चित्रात पाहिला होता.

"तुझे बाबा याला मोजणीदार म्हणायचे. बघ, एकेक पान पावलाने मोजत चाललाय. सरकारी माणूस. शेवटचं पान झालं की पहिल्यापासून परत मोजतो."

मला हसू आलं. बाबा विनोद करत हे मला नवीन होतं. घरी ते दुधाच्या पातेल्यातसुद्धा बोट बुडवून किती दूध आलं ते सांगत. भिंतीला खिळा मारायचा तर आधी फूटपट्टी. मी विचारलं, "मग या तळ्याची खोली, लांबी सांगितली असेल त्यांनी तुम्हाला."

"छे! रविवारी मोजणीची साखळी घरी. हेच तर त्यांचं. मी एकदा म्हटलं, साहेब, हे तळं किती एकराचं असेल? तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, सावे, सोमवारी विचार." सावेकाका सायकल बाभळीला टेकवत होते. "पण भेटेल त्याला खोली विचारायचे. गुराख्याला विचारायचे, ताडीवाल्याला विचारायचे, लाकडं नेणाऱ्या बाईला विचारायचे. एक म्हणे गळ्यापर्यंत, एक म्हणे दोन माणसं उभी राहतील, एक म्हणे तळच नाही, खाली पाताळ. सगळं ऐकून घ्यायचे आणि खूश व्हायचे. मी म्हटलं, यातलं खरं काय? तर म्हणे, कोण किती बुडालंय त्यावर आहे."

बसायच्या आधी तळ्याला पूर्ण फेरी घालायची, हाही बाबांचा नियम होता. आम्ही सायकली ठेवून बांधावरून फिरलो. अर्धी फेरी झाल्यावर मला कळलं की हे एक तळं नाही. पलीकडच्या बाजूला कमळ नव्हतंच. तिथे उघडं पाणी होतं, वाऱ्याने शहारलेलं, आणि त्यावर बदकांचा एक थवा आमच्याकडे पाठ करून बसला होता. आणखी पुढे नुसता लव्हाळा. जिथून चढलो तिथेच बसलो असतो तर घरी जाऊन सांगितलं असतं, कमळाचं तळं पाहिलं. मी तसं सावेकाकांना म्हटलं.

"हेच बोलले होते ते. याच जागेवर." मग म्हणाले, "याच जागेवर नसेल. ती बदकं होती तिथे."

दुसरं म्हणजे तळं नव्हतंच, पाणथळ होतं. जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते सायकलचं चाक रुतलं की समजे. म्हशी पोटापर्यंत आत उभ्या होत्या. एक खंड्या तारेवरून सुटला, पाण्यात घुसला आणि रिकाम्या चोचीने परत येऊन बसला, कुणी पाहिलं नाही ना असा. कडेला ताडाची झाडं, आणि त्यांच्याखाली मडकी मांडून बसलेल्या माणसाने सावेकाकांना राम राम केला आणि न विचारता दोन पेले भरले. मग माझ्याकडे पाहून तिसरा भरावा की नाही या विचारात पडला.

"बाबा ताडी घ्यायचे?" मी विचारलं.

"नीरा, नीरा. सकाळची नीरा. ऊन चढेपर्यंत ती नीराच असते."

"आणि तुम्ही इथे कधी पोचायचात?"

सावेकाकांनी पेला तोंडाला लावला. "ऊन चढल्यावर."

दुसरा पेला मी घेतला. आंबूस, फेसाळ, गार. ताडीवाला खूश झाला. तो म्हणाला, "मोटाभाई अहियां बसता," आणि बाबा बसत त्या मुळाकडे बोट केलं. मी त्या मुळावर बसले. बसल्यावर समोर दिसत होतं ते असं: म्हशीची पाठ, पाठीवर एक बगळा, मागे पाणी, त्यामागे मसाटच्या बाजूची निळी टेकडी. बाबा इथे बसून काय विचार करत असतील? मी प्रयत्न केला. मला फक्त बगळा किती वेळ बसतो याची उत्सुकता वाटली. बगळा उडाला तेव्हा सावेकाकांनी डबा उघडला होता आणि आईने दिलेली थालीपिठं निम्मी संपवली होती.

"तुमच्या घरचं सगळं चांगलं," ते म्हणाले. "फक्त मासळी नाही. तुझ्या बाबांना मी किती वेळा म्हटलं, साहेब, तळ्यावर यायचं आणि वरणभाताच्या गोष्टी करायच्या, हे काय बरोबर नाही."

"मग काय म्हणायचे?"

"म्हणायचे, सावे, तू मासे बघ, मी पाणी बघतो."

तिसऱ्या तळ्याकडे जाताना आम्ही मसाटच्या शिवारातून नदीकडे वळलो. तळं दिसायच्या आधी आवाज आला. माणसांचा गलका, आणि त्याच्याही वर दुसरा एक, कर्कश, एकसारखा. मग वळणावर एक मोठी बाभूळ दिसली आणि ती काळी होती. पानं नव्हती, कावळे होते. फांदीफांदीवर कावळे, बांधावर कावळे, आभाळात घारी घिरट्या घालत होत्या आणि त्यांच्याखाली पुन्हा कावळे.

खाली अख्खा पाडा तळ्यात उतरला होता. पाणी गुडघ्याएवढं राहिलं होतं आणि ढवळून चिखल झाला होता. बाया हातजाळी घेऊन एका रांगेत पुढे सरकत होत्या, समोरून पुरुष टोपल्या दाबत येत होते, आणि मधल्या पट्ट्यात मासे उसळत होते. काठावर चांदीसारखा ढीग पडला होता. कुणाचा पाय घसरला की सगळं तळं हसे. बारीक मासळी जाळ्यातून निसटून चिखलावर पडली की कावळा झडप घाली.

"तळं काढतायत," सावेकाकांचे डोळे चमकत होते. "उन्हाळ्यात आटायच्या आधी सगळ्यांनी मिळून काढायचं आणि घरागणिक वाटून घ्यायचं. एकट्याने कुणी गळसुद्धा टाकायचा नाही तोपर्यंत. आज नशीब आहे आपलं!"

मी मासे बघत नव्हते. बाभळीकडे बघत होते. आजूबाजूच्या एवढ्या मुलखातला एकूण एक कावळा इथे आला असणार. मग बाकीच्या ठिकाणी काय असेल? बाकीच्या ठिकाणी आभाळ पुसून ठेवल्यासारखं असेल.

काठावर एक वयस्क वारली बाई टोपलीतले मासे पाटीत ओतत होती. मी सायकल आडवी टाकून तिच्याजवळ गेले.

"दरवर्षी याच दिवसांत काढता का तळं?"

"एकेक काढतो, बाय. पाणी उतरंल तसं. हे आज. नदीकडला तलाव मागंच काढला, थंडीत."

"नदीकडचा म्हणजे?"

तिने हाताने दाखवलं. झाडीच्या पलीकडे, नदीच्या वळणाच्या अलीकडे. घाट त्या वळणाच्या पलीकडच्या अंगाला होता.

"कधी काढला?"

"दिवस नाय सांगता यायचा." तिने चिखलाचा हात कपाळावर आडवा फिरवला, आणि एकाएकी हसू लागली. "पन त्या दिसा गंमत झाली. नदीवर कोना सरकारी मान्साची क्रिया होती. एक उघडा बाबा उभा राहून कावळ्यांना हाका मारी, ये रे, ये रे! एवढा मोठा आवाज! इथवर येत होता. आनि कावळे तं अख्खे आमच्या तलावावर! आमी हसून हसून बसलो. आमची सोमी बोलली, अगं, धाडा त्याला एक कावळा."

"मग?"

"मग काय, आमची वाटनी झाली, ऊन डोईवर आलं, तवा उडाले ते. गेले असतील तिकडं."

माझ्याही तोंडावर हसू आलं असावं, कारण ती आणखी हसली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं.

"तुमचंच मानूस होतं का?"

"माझे वडील."

तिने हात पदराला पुसले. मग पाटीतला सगळ्यात मोठा मरळ मासा उचलला, पानात गुंडाळला आणि माझ्यासमोर धरला. मी खात नाही हे सांगायला मला जमेना. सावेकाका पुढे आले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

परतताना पान हँडलला बांधलेलं होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. नदीकाठच्या वाटेला लागल्यावर सावेकाका उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. मीही उतरले.

"शैला, हे वहिनींना सांगू नकोस."

"का?"

"अगो, त्यांच्याजवळ दुसरं काय आहे? तो कावळा आला, माणूस शांत झाला, एवढंच त्यांच्या हातात आहे. ते कशाला काढून घ्यायचं?"

"आणि माझं लग्न?"

"ते तू सरळ नाही म्हण. मला करायचं नाही, म्हण. कावळ्याला मध्ये कशाला आणतेस?"

"मी नाही म्हटलं, सावेकाका. आई म्हणाली, वचन दिलंय. मी नाही म्हटलं तर मी बाबांना दिलेलं वचन मोडते. कावळा मध्येच आहे. मी आणला नाही."

"खरं आहे," ते म्हणाले. मग, "तरी सांगू नकोस." आणि पुन्हा थोड्या वेळाने, स्वतःशीच, "दत्तूशेठांचा आवाज मात्र खरंच मोठा."

आम्ही दोघेही हसलो, आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

मी पूर्ण वाटभर विचार करत होते. सांगितलं तर मी मोकळी होईन आणि आई हरेल. न सांगितलं तर माहीम. पुस्तकांत अशा जागी माणसं काहीतरी उदात्त करतात. मला तसलं काही सुचलं नाही. मला फक्त एवढं कळत होतं की मी पाहिलेली गोष्ट आईपासून लपवून मी त्या घरात राहू शकणार नाही, आणि लपवून तिथून जाऊही शकणार नाही. सांगितल्यावर ती काय करील हे मला माहीत नव्हतं. ते जाणून घ्यायची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही.

दिवेलागणीला घरी पोचले. आई ओट्यावर बसून माझी वाट बघत होती. चेहरा बघून म्हणाली, "उन्हाने काळी झालीस." मी पाय धुतले आणि तिच्या शेजारी येऊन बसले.

"काय पाहिलंस?"

मी सांगायला लागले. कमळावरचा पक्षी सांगितला, बाबा त्याला मोजणीदार म्हणत तेही. ती थोडी हसली. पाणथळ सांगितलं. ताडी सांगितली नाही. मग तळं काढताना पाहिलं ते सांगितलं, आणि बाभळीवरचे कावळे.

"दहाव्या दिवशीही असंच तळं काढत होते," मी म्हटलं. "घाटाच्या वळणापलीकडे. तिथली बाई सांगत होती. तिने काकांच्या हाका ऐकल्या. सगळे कावळे तिकडे होते, आई. वाटणी झाली, मासे संपले, मग ते उठले आणि इकडे आले."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेजारच्या घरात कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं.

"म्हणजे आधी आलेच नसते," ती म्हणाली. "काही म्हटलं असतं तरी."

"नसते आले."

"कुणी काही म्हटलं नसतं, तरी तेव्हा आलेच असते."

"हो."

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, आता ती रडेल.

"म्हणजे ह्यांचं काही अडलं नव्हतं," आई म्हणाली.

मला लगेच कळलं नाही.

"गेले त्याच्या आदल्या दिवशी जेवताना ताक मागितलं त्यांनी. मी म्हटलं, खोकताय, ताक कसलं. दिलं नाही. आणि सकाळी..." ती थांबली. "दत्तूभावजी घरी येऊन सांगायला लागले, कितीतरी वेळ कावळा शिवेना, तेव्हा मला तेच आठवलं. ते लग्नाचं वगैरे म्हणत होते. मला माहीत होतं, लग्नासाठी नव्हते ते थांबले. त्यांनी तुझ्या लग्नाचं कधी नावसुद्धा काढलं नव्हतं. ते माझ्यामुळे थांबले होते. रोज भातावर ताक घालून ठेवत होते मी भिंतीवर."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलायचं? हसली असतीस. तू पुस्तकं वाचतेस."

मी हसले नसते. पण ते सांगून काही उपयोग नव्हता. तिने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पुन्हा एकदा, पाठ करत असल्यासारखं म्हणाली, "मासे होते म्हणून. काही अडलं नव्हतं."

"काही नाही."

"पोटभर खाऊन आले, वर पिंडालाही तोंड लावलं. हावरटच."

मग ती उठली. आत जाऊन कणीक मळायला बसली आणि मी दाराशी उभी राहिले. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा दोघींच्या मापाची कणीक मळत होती.

"मग लग्नाची एवढी घाई का करत होतीस?" मी विचारलं.

"भावजींनी वचन दिलं होतं ना. एक मागितलेलं दिलं नाही, निदान हे तरी पुरं करावं, म्हटलं." ती कणकेवर जोर देत होती. "तुला करायचंय?"

"नाही. निदान माहीमला नाही. शाळा सोडून नाही."

"बरं."

"काकांना मी लिहिते."

"तू नको. तू लिहिलंस की भांडण होतं. मी लिहिते."

"काय लिहिशील?"

"लिहीन, कावळे मासे खायला गेले होते."

"आई, ते चिडतील. एवढ्या लोकांसमोर रडलेत ते."

"चिडू देत. भावावर जीव होता, रडले. त्याला कोण काय म्हणतंय? पण मुलीला विचारायच्या आधी आभाळाला सांगायचं, हे कुठलं?" तिने गोळा उलटवला. "अभिषेकाची मात्र त्यांना आठवण करून देईन. ते करायलाच हवं."

मी तवा ठेवला. तिने पहिली पोळी लाटली, जरा वेडीवाकडी, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "उद्या शाळा सकाळची ना? डब्याला काय देऊ?"